गाडीचं लायसन्स अडवून चेकचे पैसे सुटणार नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्याचा चेक वटला नाही त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स नूतनीकरणाला आलं की आरटीओने ते अडवून ठेवावं, पैसे भागवल्याचा कागद दाखवल्याशिवाय हातात देऊ नये, अशी सूचना व्यापारी आणि शेतकरी दोघांच्याही तोंडून ऐकू येते. तिच्यामागचा संताप रास्त आहे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या शेतातून नवतीची (नव्या लागवडीची) केळी कापून ट्रक उत्तरेकडे निघून जातो, शेतकऱ्याच्या हातात चेक राहतो, आणि आठवड्याभराने तो चेक ‘फंड्स इनसफिशियंट’चा, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नसल्याचा, बँकेचा मेमो घेऊन परत येतो. तोवर माल खाऊन संपलेला असतो. नाशवंत मालाच्या धंद्यात चेक परत येणं म्हणजे वर्षभराची मेहनत एका कागदावर अडकणं. तरीही लायसन्स अडवण्याचा उपाय चुकीच्या माणसाला लागेल आणि पैसे तिथेच राहतील, असं माझं ठाम मत आहे. का, आणि त्याऐवजी आज कायद्यात काय हाताशी आहे, ते तपशिलाने लिहितो.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५ खाली नूतनीकरण होतं. त्यात आरटीओ एवढंच पाहते की माणूस गाडी चालवायला योग्य आहे की नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना नमुना १-अ चं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. कलम २० ने न्यायालयालाही लायसन्सवर गदा आणता येते, पण गुन्हा त्याच कायद्याखालचा असेल किंवा गुन्हा करताना गाडी वापरली असेल तरच. चेकच्या गुन्ह्यात गाडीचा संबंध येत नाही. शिवाय चेक हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत, ४६ व्या नोंदीत आहे, आणि मोटार वाहन कायदा संसदेने केलेला आहे. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आरटीओला कितीही निवेदनं दिली तरी त्यांच्या हातात काही नाही.

समजा, संसदेने उद्या तशी दुरुस्ती केली. ती कोणाला लागेल? २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं खासगी लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास या वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं दहा वर्षं चालतं. म्हणजे ज्या बेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण करून घेतलं, त्याला पन्नाशीपर्यंत आरटीओची पायरी चढायची नाही. तोवर त्याने दहा जणांना बुडवलं तरी त्याचं लायसन्स शाबूत. आणि ज्याच्या दारात इनोव्हा आहे त्याच्याकडे ड्रायव्हरही असतो. चेक कंपनीचा असेल तर प्रश्नच मिटला, कंपनीला लायसन्स नसतं.

उलट ट्रक, टेम्पो, काळी-पिवळी चालवणाऱ्याचं व्यावसायिक लायसन्स दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाचंही तसंच. या मंडळींनी पतसंस्थेत किंवा फायनान्स कंपनीत सही केलेले कोरे चेक ठेवलेले असतात. दोन हप्ते थकले की त्यातला एक चेक भरून बँकेत टाकला जातो. अशा टेम्पोवाल्याचं लायसन्स अडवलं तर ज्या चाकावर तो हप्ता फेडणार होता तेच चाक थांबतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, ते वेगळंच.

आणि तो गाडी चालवायची थांबेल, हे तरी कशावरून? गावाहून तालुक्याला जायला शेवटची एसटी संध्याकाळी निघून जाते. तो विनालायसन्स मोटारसायकल काढणारच. पकडला गेला तर कलम १८१ खाली पाच हजार दंड. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी ‘चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं’ हा मुद्दा उचलते. जखमी पादचाऱ्याला भरपाई मिळाली तरी कंपनी ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करते, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळते. चेकच्या वादाशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा रस्त्यावरचा माणूस त्या भांडणात ओढला जाईल.

अमेरिकेत देणं आणि लायसन्स यांची सांगड जुनी आहे. मुलांची पोटगी थकवणाऱ्यांचं लायसन्स अडवण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असं तिथल्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं. न्यायालयाचे दंड थकले तरी लायसन्स निलंबित करण्याची पद्धत अनेक राज्यांत होती. पुढे अनुभव असा आला की गाडी बंद झाल्यावर माणसाची नोकरी जाते आणि दंड थकलेलाच राहतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये वाहतूक दंडासाठी लायसन्स निलंबित करणं थांबवलं, आणि नंतर इतरही राज्यांनी तोच मार्ग धरला.

काही अडवायचंच असेल तर ज्या हत्याराने फसवणूक झाली ते अडवा. ते हत्यार म्हणजे चेकबुक. एका आर्थिक वर्षात एक कोटी किंवा त्याहून मोठ्या रकमेचा चेक चार वेळा परत आला तर नवं चेकबुक देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. २०१६ पासून हा निर्णय बँकांच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणावर सोपवला आहे. म्हणजे आपल्या भागातल्या सहकारी बँकांनाही आपलं धोरण ठरवता येतं. दोन-पाच लाखांचे चेक वारंवार परत येणाऱ्या खातेदाराला नवं चेकबुक द्यायचं नाही, एवढा ठराव संचालक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो. सभासदांनी वार्षिक सभेत उभं राहून विचारावं, की आपल्या बँकेचं याबाबत लेखी धोरण काय आहे.

दुसरा परवाना बाजार समितीचा. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्याखाली बाजार समितीला व्यापाऱ्याचा आणि अडत्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. शेतकऱ्याचे पैसे बुडवणाऱ्याला लागू पडेल असा परवाना हाच. तो गेला तर त्याला मार्केट यार्डात बोली लावता येणार नाही. अडचण केळीत आहे. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. त्यामुळे थेट शेतातून कटाई करून नेणाऱ्या व्यापाऱ्याकडे समितीचा परवाना असेलच असं नाही. कापूस, हरभरा, तूर, मिरची विकणाऱ्याला जे संरक्षण आहे ते केळी आणि पपईवाल्याला नाही. मागणी करायची तर इथे करा. शेतातून खरेदी करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची नोंदणी आणि बँक हमी सक्तीची करा. हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे, दिल्लीला जायची गरज नाही.

आता खुद्द चेकच्या खटल्याकडे येतो, कारण पैसे मिळण्याचा खरा रस्ता तिथून जातो आणि बहुतेक प्रकरणं तिथेच बिघडतात. चेक न वटण्याचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा १ एप्रिल १९८९ पासून आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १३९ प्रमाणे चेक देण्यामागे देणं होतं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. इतका भक्कम पाया असूनही खटले पडतात ते तारखांमुळे.

तारखा अशा मोजायच्या. चेक त्यावर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा. समजा, मेमो ३ जूनला हातात आला. तो दिवस सोडून तीस दिवस, म्हणजे ३ जुलैपर्यंत लेखी मागणीची नोटीस पाठवली गेली पाहिजे. नोटीस आरोपीला ८ जुलैला मिळाली, तर त्याला पैसे द्यायला २३ जुलैपर्यंत पंधरा दिवस. २४ जुलैला दाव्याचं कारण घडतं आणि तिथून एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार दाखल करायची. घाईने २० जुलैला टाकलेली तक्रार चालत नाही, कारण पंधरा दिवस पुरे झालेले नसतात. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर आधी सुनावणी होते आणि महिने जातात. नोटिशीचे तीस दिवस हुकले तर मात्र माफी नाही. अशा वेळी चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकावा आणि नव्या मेमोवर नोटीस द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा मार्ग मोकळा केला आहे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं क्लिअरिंग त्याच दिवशी होऊ लागलं आहे. परत येणारा चेकही लवकर परत येतो, आणि ज्यांना ‘दोन-तीन दिवस लागतातच’ अशी सवय होती त्यांचे दिवस नकळत मोजले जाऊ लागतात. मेमो मिळाल्याची तारीख बँकेकडून शिक्क्यासह घ्या. मोबाइलवर आलेला मेसेजही जपून ठेवा, कारण माहिती कधी मिळाली यावर पुढे उलटतपासणी होते.

नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची हवी. चेक ४,८५,००० चा असेल तर नोटिशीत ४,८५,००० च. टायपिंगच्या चुकीने रक्कम बदलली तर नोटीसच बाद, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. व्याज आणि खर्च मागायचा तर वेगळ्या वाक्यात, वेगळा आकडा देऊन मागा. दुसरी नेहमीची चूक अर्धवट वसुलीची. व्यापाऱ्याने पाच लाखांपैकी दीड लाख ऑनलाइन पाठवले आणि शेतकऱ्याने तरीही पाच लाखांचाच चेक बँकेत टाकला, तर त्या दिवशीचं देणं साडेतीन लाखांचं असतं आणि केस कोसळते. आलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच तो वापरावा, किंवा नवा चेक घ्यावा.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झाली आहे. सोबत व्हॉट्सअॅप आणि ईमेलही करा. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं, तर ते पोचलं असंच कायदा धरतो. पत्ता मात्र बरोबरच हवा. कटाईच्या वेळी व्यापाऱ्याच्या आधारकार्डाचा आणि जीएसटी प्रमाणपत्राचा मोबाइलवर फोटो घ्या, ट्रकचा नंबर आणि वजनकाट्याची चिठ्ठी ठेवा, ठरलेला भाव व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. चेक कंपनीचा असेल तर नोटीस आणि तक्रार दोन्हींत कंपनीला पक्ष करा. केवळ संचालकाला आरोपी केलेली तक्रार टिकत नाही.

केस कुठे चालणार, याबद्दलची भीती बरीच जुनी आहे. २०१४ मध्ये निकाल आला होता की ज्या बँकेवर चेक काढला तिथल्या कोर्टात जावं लागेल. २०१५ च्या दुरुस्तीने तो बदलला. आता चेक ज्या शाखेत तुमचं खातं आहे तिथून वसुलीला टाकला, तर त्याच शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात केस. रावेरच्या शेतकऱ्याचं खातं रावेरला असेल तर दिल्लीच्या व्यापाऱ्याला रावेरला यावं लागतं. मात्र दलालाच्या सांगण्यावरून चेक दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका.

खरा खोळंबा समन्स बजावणीत होतो. ३१ डिसेंबर २०१९ ला देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख चेकची होती, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदवलं. कायदा सहा महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न करा म्हणतो, आणि समन्स ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून परत येण्यातच वर्ष जातं. २५ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समन्स तक्रारदाराच्या हातीही बजावायला द्यावं, ईमेल आणि मेसेजनेही पाठवावं, आणि आरोपीला ऑनलाइन पैसे भरून प्रकरण लवकर मिटवता यावं अशी सोय ठेवावी, असे निर्देश दिले. तक्रार दाखल करतानाच आरोपीचा मोबाइल नंबर आणि ईमेल शपथपत्रावर द्या आणि दस्ती (स्वतःच्या हाती बजावायला मिळणारं) समन्स मागून घ्या. परिवहन खात्याकडून काही हवंच असेल तर अपुऱ्या पत्त्याच्या प्रकरणात आरोपीच्या लायसन्सवर आणि गाडीच्या नोंदणीवर कोणता पत्ता आहे तो कोर्टामार्फत मागवा. लायसन्स अडवण्यापेक्षा त्यावरचा पत्ता तक्रारदाराच्या जास्त कामाचा आहे.

आरोपीने गुन्हा नाकारला की त्याच तारखेला चेकच्याच कायद्यातल्या कलम १४३-अ चा अर्ज द्या. १ सप्टेंबर २०१८ पासून न्यायालयाला चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई साठ दिवसांत भरायला लावता येते. हे आपोआप मिळत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते न्यायाधीशांच्या विवेकावर आहे असं सांगितलं, म्हणून अर्जात व्यवहाराचे कागद आणि आरोपीची आर्थिक स्थिती मांडावी लागते. एका ओळीचा छापील अर्ज फेटाळला जातो. आरोपी निर्दोष सुटला तर ही रक्कम व्याजासह परत करायची असते, हेही पक्षकाराला आधी सांगावं. शिक्षेविरुद्ध अपील झालं तर कलम १४८ खाली आणखी किमान वीस टक्के भरायला लावता येतात.

आणि शेवटी वसुली. अंतरिम भरपाई असो की अंतिम, ती दंडासारखी वसूल होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ खाली न्यायालय जंगम मालमत्ता जप्त करून विकू शकतं, किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायला सांगू शकतं. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो, आणि ज्या गाडीच्या लायसन्सवर एवढी चर्चा चालली आहे ती गाडीच लिलावात काढता येते. लायसन्स अडलं तर गाडी दारात उभी राहील. गाडी विकली गेली तर शेतकऱ्याच्या खात्यात पैसे येतील. म्हणून अंतिम युक्तिवादात नुसती कैद मागू नका. चेकच्या दुप्पट दंड आणि त्यातून तक्रारदाराला भरपाई, अशी स्पष्ट मागणी करा, आणि निकालानंतर वसुलीच्या वॉरंटसाठी वेगळा अर्ज द्या. तो अर्ज न दिल्यामुळे जिंकलेले निकाल कपाटात पडून राहतात.

दुसऱ्या बाजूच्या माणसासाठी दोन शब्द लिहिणं मला भाग आहे. कोरा चेक सही करून दिला असेल तरी तो स्वखुशीने दिला असल्यास कायद्याचं गृहीतक लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. ‘तारण म्हणून दिला होता’ एवढ्याने सुटका होत नाही. म्हणून पतसंस्थेला किंवा कृषी सेवा केंद्राला चेक देताना त्याचा नंबर करारात किंवा पावतीवर लिहून घ्या, मागच्या बाजूला कशासाठी दिला ते लिहा, आणि कर्ज फिटलं की चेक आणि नील (बाकी नसल्याचा) दाखला एकाच दिवशी हातात घ्या. नोटीस आली तर ती परत पाठवू नका. पंधरा दिवसांत चेकची रक्कम दिली तर गुन्हाच घडत नाही. ते दिवस पैसे उभे करायला वापरा. नोटीस घेतलीच नसेल तरी समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कोर्टात पैसे भरून प्रकरण संपवता येतं. त्यापुढेही तडजोडीला बंदी नाही, पण जितका उशीर तितका खर्चाचा टक्का वाढतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या वकील संघांनी आणि बाजार समित्यांनी एक काम तातडीने करावं: नोटिशीचा, १४३-अ च्या अर्जाचा आणि वसुली वॉरंटच्या अर्जाचा असे तीन नमुने मराठीत छापून प्रत्येक बाजार समितीच्या कार्यालयात आणि तालुका विधी सेवा समितीत ठेवावेत, आणि शेजारी वरचं ३ जून ते २४ जुलैचं तारखांचं उदाहरण मोठ्या अक्षरात लावावं. केळीची कटाई बाराही महिने चालू असते. मेमो हातात आलेल्या शेतकऱ्याला तीसच दिवस असतात, आणि त्यातले पहिले पंधरा व्यापाऱ्याच्या ‘उद्या टाकतो’मध्ये निघून जातात.

आपला,
चेक व वसुलीच्या खटल्यांचं काम करणारा एक वकील, जळगाव